वाक्यावरून माणूस

कादंबरीकाराला आपल्या पात्रांविषयी बोलण्याची मुभा असते. हा माणूस वरून शांत दिसतो पण आतून धुमसतो आहे, असे तो वाचकाला सरळ सांगू शकतो. नाटककाराला ही सोय नाही. पात्र रंगमंचावर आले की लेखक बाजूला होतो. प्रेक्षकापुढे उरते ते पात्राचे बोलणे, त्याचे वागणे आणि इतरांनी त्याच्याविषयी काढलेले उद्गार. नट बदलतात, वेशभूषा बदलते, नेपथ्य बदलते. शतकानुशतके टिकते ती संहितेतली वाक्ये. म्हणून अभिजात नाटककार स्वभाव वाक्यातच मुरवतात. पात्राने कोणता शब्द निवडला, कोणता टाळला, समोरच्याला काय म्हणून हाक मारली, वाक्य पूर्ण केले की मध्येच सोडले, आज्ञा केली की विनवणी, या सगळ्यांत त्याची ओळख असते. पात्राला बोलण्याची एक सवय लावून द्यायची आणि नेमक्या क्षणी ती मोडायची, हे या कलेतले सर्वांत प्रभावी तंत्र आहे. प्रेक्षकाला व्याकरण कळो न कळो, ही मोडतोड त्याच्या कानाला जाणवतेच.

भारतीय परंपरेत या विषयाचा विचार फार पूर्वीपासून झाला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात कोणत्या पात्राने कोणती भाषा बोलावी याची सविस्तर व्यवस्था आहे. राजे, अमात्य, विद्वान ब्राह्मण यांनी संस्कृतात बोलावे. स्त्रिया, विदूषक, सेवक, कारागीर यांनी वेगवेगळ्या प्राकृतांत. ही व्यवस्था मुळात दर्जाची आहे, स्वभावाची नव्हे. एकाच प्राकृतात बोलणाऱ्या दोन स्त्रियांपैकी मानी कोणती आणि भित्री कोणती, हे त्या नियमावरून समजणार नाही. चांगल्या नाटककारांनी मात्र या ठरीव चौकटीतून माणसे काढली, आणि त्यात शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ सर्वांत पुढे आहे.

या दहा अंकी नाटकात प्राकृतांची जेवढी विविधता आहे तेवढी दुसऱ्या कोणत्याही संस्कृत नाटकात नाही. टीकाकार पृथ्वीधराने कोणते पात्र कोणती प्राकृत बोलते याची नोंदच करून ठेवली आहे. जुगारअड्ड्याच्या मालकाची बोली वेगळी, देहदंडाची शिक्षा अमलात आणणाऱ्या चांडाळांची वेगळी, विदूषकाची वेगळी. प्रस्तावनेत सूत्रधार संस्कृतात बोलत येतो आणि घरात शिरताना, कामाच्या व प्रयोगाच्या निमित्ताने आपण आता प्राकृतात बोलणार, असे सांगून भाषा बदलतो. संगीताच्या तालमीने तो भुकेलेला आहे आणि बायकोशी जेवणाविषयी बोलायचे आहे. कोणत्या प्रसंगी कोणती भाषा तोंडात येते, याकडे कान द्यायला शूद्रक प्रेक्षकाला पहिल्या काही मिनिटांतच शिकवतो.

या नाटकातला शकार हा राजाचा मेहुणा. सत्तेच्या सावलीत वाढलेला, मूर्ख, घमेंडखोर आणि क्रूर. तो ‘स’च्या जागी ‘श’ उच्चारतो आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडले असे मानतात. उच्चाराची ही लकब प्रेक्षकाला हसवते, पण शूद्रकाचे खरे काम त्यापुढचे आहे. शकाराला आपण बहुश्रुत आहोत असे दाखवायची भारी हौस. म्हणून तो बोलताना रामायण-महाभारताचे दाखले पेरतो आणि प्रत्येक दाखला चुकवतो. त्याच्या तोंडी कुंती रावणाच्या हाती सापडते, द्रौपदी रामाला भिऊन पळते आणि हनुमान सुभद्रेला उचलून नेतो. नावे सगळी ऐकलेली, पण एकाही कथेचा अर्थ मनात उतरलेला नाही. त्यातही त्याला सुचणाऱ्या बहुतेक कथा पळवलेल्या, घाबरलेल्या स्त्रियांच्याच असतात. तो नाटकाच्या नायिकेचा, गणिका वसंतसेनेचा, पाठलाग करत असताना हे सारे बोलतो, त्यामुळे त्याच्या अज्ञानाबरोबर त्याच्या मनातली हिंसाही उघडी पडते. तिला दहा नावे ठेवतो आणि ती दहा आहेत हे मोजून सांगतो. माणसाकडे मोजदादीच्या नजरेने पाहणारा हा स्वभाव शूद्रकाने एका उद्गारात पकडला आहे.

पहिल्या अंकातल्या त्या अंधाऱ्या पाठलागात शकाराबरोबर विट आहे. विट सुसंस्कृत, रसिक, पोटासाठी मूर्खाची चाकरी करणारा. तो संस्कृतात बोलतो. वसंतसेनेला तो आडून सुचवतो की अंधारात तू दिसली नाहीस तरी फुलांचा वास आणि पैंजणांचा आवाज तुझा ठाव सांगतील. इशारा उमजून ती दोन्ही काढून टाकते. शकार त्याच विषयावर बोलतो तेव्हा त्याला माळेचा वास ऐकू येतो आणि नाकात अंधार भरल्यामुळे दागिन्यांचा आवाज नीट दिसत नाही. नाक, कान, डोळे सगळ्यांची क्रियापदे एकमेकांत मिसळली आहेत. एकाच गोष्टीवर दोन माणसे पाठोपाठ बोलतात. एकाच्या वाक्यात सूक्ष्म सहानुभूती आहे, दुसऱ्याच्या वाक्यात गोंधळ. संवादलेखनाचा याहून चोख धडा सापडणे अवघड आहे.

आठव्या अंकात हाच शकार वसंतसेनेचा गळा आवळतो आणि ती मेली असे समजून आळ तिच्या प्रियकरावर, चारुदत्तावर, घालतो. नवव्या अंकातल्या न्यायालयात त्याचे बोलणेच त्याला उघडे पाडते. कुणीतरी पैशासाठी तिला गळा दाबून मारले असे सांगता सांगता तो ‘मी नाही’ असे जोडून जातो. कुणी विचारलेले नसते. न्यायाधीश तेवढे शब्द टिपून घ्यायला सांगतो आणि शकार ते पायाने पुसतो. त्याच न्यायालयात चारुदत्ताला विचारले जाते की ही गणिका तुझी मैत्रीण आहे का. सभ्य माणसाला ते चारचौघांत उच्चारणे जड जाते, तो लाजतो, अडखळतो. अपराधी माणूस नको ते जास्तीचे बोलला आणि निरपराध माणसाला हवे ते बोलवेना. दोघांच्या शब्दांच्या या तफावतीवर सारा खटला उभा आहे, आणि अडखळणाऱ्याला शिक्षा होते हे पाहताना आजही जीव कळवळतो.

वसंतसेना एरवी प्राकृतात बोलते, पण चौथ्या आणि पाचव्या अंकांत काही ठिकाणी ती संस्कृताचा आश्रय घेते. पाचव्या अंकात वादळी पावसात ती चारुदत्ताच्या भेटीला निघते तेव्हा विजेला, मेघांना उद्देशून तिच्या तोंडी संस्कृत श्लोक येतात. शास्त्रात गणिकेला ही सवलत आहे. शूद्रक मात्र ती जिथे वापरतो ती जागा पाहण्यासारखी आहे: जिने आजवर इतरांच्या पसंतीवर जगायचे असे समाजाने ठरवले होते, ती पहिल्यांदा स्वतःच्या पसंतीने घराबाहेर पडते आहे. त्याच नाटकात विदूषक मैत्रेयाने आधी, संस्कृत बोलणाऱ्या बाईचे आपल्याला हसू येते, असे म्हणून ठेवले आहे. नाटककाराने ती थट्टा आधी ऐकवली आणि मग वसंतसेनेचे श्लोक ऐकवले. या क्रमाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

कालिदासाचे तंत्र याहून सौम्य आहे. तो भाषेची गंमत करत नाही, संबोधने हलवतो. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंत शकुंतलेला ओळखत नाही. ती बोलायला लागते तेव्हा तोंडून ‘आर्यपुत्र’ हे संबोधन निघते. पत्नीने पतीला हाक मारायचा हा शब्द. तो ती अर्ध्यावर थांबवते, कारण लग्नाचाच संशय घेतला जात असताना ही हाक योग्य नाही हे तिच्या लक्षात येते. मग ती त्याला ‘पौरव’ म्हणते. आता नाते संपले, कुळ तेवढे उरले. पुरूच्या वंशजाला शोभणारे वर्तन कर, अशी त्यात सूचनाही आहे. थोड्या वेळाने, दुष्यंताने स्त्रीजातीच्या उपजत चातुर्यावर टोमणा मारल्यावर, तिच्या तोंडून ‘अनार्य’ हा शब्द बाहेर पडतो. ज्या शब्दाने हाक सुरू झाली होती, त्याचाच नकार. आश्रमात वाढलेली, लाजाळू, सख्यांच्या आडून बोलणारी मुलगी भर राजसभेत राजाला हे म्हणते. तिचा कायापालट झाला असे कुणालाही सांगावे लागत नाही. तीन संबोधनांत तो पुरा झालेला असतो.

तिच्याबरोबर आलेले कण्वाचे दोन शिष्यही राजवाड्यात पाऊल टाकताच आपापल्या उपमेतून वेगळे होतात. शार्ङ्गरवाला गजबजलेला राजवाडा आगीने वेढलेल्या घरासारखा वाटतो. शारद्वताला तिथले सुखासक्त लोक, अंघोळ केलेल्याने तेल माखलेल्याकडे पाहावे, तसे दिसतात. पुढे राजाशी भांडतो तो शार्ङ्गरव आणि वाद आवरता घेतो तो शारद्वत. दोघांच्या उपमा ऐकल्यावर याहून वेगळे काही घडलेच नसते.

‘शाकुंतला’ची ही ताकद मराठी रंगभूमीला लवकर उमगली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग केला तो कालिदासाच्याच संहितेच्या आधाराने, आणि गोविंद बल्लाळ देवलांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले. मराठीत सगळी पात्रे मराठीच बोलणार, त्यामुळे प्राकृतांचे थर भाषांतरात जवळजवळ हरवतात. त्यांची भरपाई लकबी, उच्चार आणि शब्दांचा भपका यांतूनच करावी लागते.

शेक्सपिअरच्या इंग्लंडमध्ये भाषा एकच होती, पण तिच्यात दोन वाटा होत्या: पद्य आणि गद्य. त्याच्या पद्याच्या ओळीत साधारणपणे दहा अक्षरावयव आणि पाच आघात असतात. गद्यावर असे बंधन नाही. राजे पद्यात आणि नोकर गद्यात बोलतात असा ढोबळ नियम सांगितला जातो, पण त्याचे अपवाद नियमापेक्षा मोलाचे आहेत. ‘ज्युलियस सीझर’मध्ये सीझरच्या हत्येनंतर ब्रूटस जमावासमोर गद्यात बोलतो. त्याची वाक्ये तोललेली, एका अंगाला दुसरे अंग जोडलेली, तर्काने घट्ट बांधलेली. आपल्याला पटले ते कुणालाही पटेल असा त्याचा विश्वास त्या रचनेतून दिसतो आणि माणसांविषयीचे त्याचे अज्ञानही. त्यानंतर अँटनी पद्यात बोलतो. सन्माननीय असा अर्थ असलेले एकच विशेषण तो कटवाल्यांना पुन्हा पुन्हा लावतो आणि दर खेपेस त्याआधी एक नवी वस्तुस्थिती ठेवतो. शब्द तोच राहतो, त्याचा अर्थ उलटा होत जातो. ब्रूटस वाक्य जुळवतो, अँटनी श्रोत्यांची नाडी पाहतो.

वाक्यरचनेतून स्वभाव कसा घडतो आणि कसा उद्ध्वस्त होतो हे पाहायचे तर ‘ऑथेल्लो’जवळ थांबावे लागते. ऑथेल्लो व्हेनिसच्या सभेपुढे उभा राहतो तेव्हा आपल्याला गोड बोलता येत नाही असे सांगतो, आणि त्याच दमात लांब, डौलदार, दूरच्या प्रदेशांच्या नावांनी भरलेली वाक्ये बोलतो. एक पोटवाक्य दुसऱ्याला जोडत, घाई न करता, शेवट कुठे आहे ते ठाऊक असलेल्या माणसासारखी ती वाक्ये पुढे सरकतात. शौर्यावर आणि प्रेमावर त्याची श्रद्धा अढळ आहे. त्याचे वाक्यही तसेच अढळ.

त्याचा घात करणाऱ्या इयागोची भाषा याच्या उलट आहे. त्याच्या जाळ्यात सापडलेल्या रॉडेरिगोशी तो बहुतेक गद्यात बोलतो आणि थैलीत पैसे भर हा हुकूम एकाच भाषणात इतक्या वेळा देतो की रॉडेरिगोला विचार करायला फटच उरत नाही. ऑथेल्लोशी मात्र तो हुकूम करत नाही. तो वाक्ये अर्धवट सोडतो. ऑथेल्लोने प्रश्न विचारला की त्यातलाच एखादा शब्द प्रश्नार्थक सुरात परत करतो. ‘पण’ आणि ‘जर’ यांच्यावर तो मदार ठेवतो, काही सांगायचे नाही असे सांगून सांगतो. तिसऱ्या अंकातल्या तिसऱ्या प्रवेशात, जिथे ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय पेरला जातो, तिथे इयागोने थेट आरोप करायला बराच वेळ घेतला आहे. रिकाम्या जागा तो सोडतो आणि त्या ऑथेल्लो भरतो. पूर्ण वाक्यांची सवय असलेल्या माणसाला अपूर्ण वाक्य सहन होत नाही, हे इयागोला बरोबर समजले आहे.

मग विष भाषेतून पसरते. इयागोच्या बोलण्यात पहिल्यापासून जनावरे आहेत: बोकड, माकडे, लांडगे, मेंढे. चौथ्या अंकापर्यंत ही जनावरे ऑथेल्लोच्या तोंडी येतात. व्हेनिसहून आलेल्या वकिलाचे औपचारिक स्वागत करता करता तो मध्येच बोकड-माकडांची नावे घेऊन ओरडतो आणि निघून जातो. ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ लागत नाही. प्रेक्षकाला लागतो, कारण तो शब्द मुळात कुणाचा हे त्याने ऐकलेले असते. त्याआधी, झटका येऊन कोसळताना, त्याचे पद्य पूर्ण तुटलेले असते. क्रियापदे गळतात, अवयवांची आणि रुमालाची सुटी नावे तेवढी उरतात. ज्याने सभेला आपल्या वाक्यांनी जिंकले त्याला आता एक सरळ वाक्य जुळवता येत नाही.

शेवटी सत्य समजल्यावर ऑथेल्लोला त्याची जुनी भाषा परत सापडते. पुन्हा लांब वाक्य, पुन्हा दूरच्या गावाचे नाव. व्हेनिसच्या शत्रूला आपण एकदा कसे मारले ते तो सांगू लागतो आणि वाक्याच्या शेवटच्या शब्दावर खंजीर स्वतःच्या शरीरात खुपसतो. वाक्यातला मारणारा आणि मेलेला, दोघेही तोच ठरतो. व्याकरण आणि कृती एका क्षणी संपतात. इयागोने मात्र आधीच तोंड मिटलेले असते: यापुढे आपण एक शब्दही बोलणार नाही, असे तो जाहीर करतो. ज्याने सगळ्यांना शब्दांनी खेळवले त्याची अखेरची शिक्षाही त्याच्या स्वतःच्याच हाती राहते, आणि त्यामुळेच तो शेवटपर्यंत भीतिदायक वाटतो. देवलांनी या नाटकावरून ‘झुंजारराव’ लिहिले, आणि ते मराठी रंगभूमीवर गाजले.

‘मॅकबेथ’मध्ये टाळलेल्या शब्दांना महत्त्व आहे. राजाचा खून करायचा आहे, पण नवरा-बायको त्याला खून म्हणायचे शक्यतो टाळतात. ‘ते’, ‘ती गोष्ट’, ‘ते काम’ अशा शब्दांआड ते बोलतात. येणाऱ्या पाहुण्याची व्यवस्था करायला हवी, असे लेडी मॅकबेथ म्हणते तेव्हा ती गृहिणीच्या भाषेत हत्येची आखणी करत असते. पुढे झोपेत चालताना तिची आज्ञार्थी, ताठ पद्ये नाहीशी होतात आणि गद्याचे तुकडे बाहेर पडतात: घड्याळाचे ठोके, डाग, वास, म्हाताऱ्याचे रक्त. जागेपणी जे उच्चारायचे टाळले ते झोपेत तिच्याने आवरत नाही.

‘किंग लिअर’ची सुरुवात हुकमांनी होते. नकाशा आण, प्रेमाचे मोजमाप सांग, निघून जा. राजा स्वतःला अनेकवचनात ‘आम्ही’ म्हणतो. त्याच प्रवेशात केंट हा एकनिष्ठ सरदार त्याला एकवचनी संबोधनावर आणून थेट म्हातारा म्हणतो. तेव्हाच्या इंग्रजीत आदराचे आणि जवळिकीचे किंवा तुच्छतेचे अशी दोन सर्वनामे होती. आजच्या इंग्रजी प्रेक्षकाला ती समजावून सांगावी लागतात, तर तू-तुम्हीच्या भाषेत वाढलेल्या मराठी वाचकाला केंटच्या धाडसाचा चटका आपसूक बसतो. नाटकाच्या शेवटी मेलेली मुलगी कॉर्डेलिया हातात घेऊन लिअर बसतो. ती परत येणार नाही हे सांगणारा एकच शब्द तो सलग पाच वेळा उच्चारतो. त्या ओळीत दुसरा शब्द नाही. त्यानंतर तो जवळच्या माणसाला एक बटण सोडायची विनंती करतो आणि त्याचे आभार मानतो. हुकूम सोडून काही न येणारा राजा आता कृपया आणि आभारी आहे म्हणतो. इतक्या साध्या शब्दांना इतके वजन दुसऱ्या कुठल्या शोकांतिकेत आले असेल असे वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात इब्सेनने पद्य सोडून घरातली भाषा घेतली. 1879च्या ‘अ डॉल्स हाउस’मध्ये हेल्मर आपल्या बायकोला, नोराला, चंडोल, खार अशा लाडाच्या नावांनी हाक मारतो आणि तीही तीच नावे स्वतःला लावून घेते, विशेषतः काही मागायचे असले की. शेवटच्या अंकात ती त्याला समोर बसवते आणि साध्या, छोट्या विधानांत बोलते. पाखराची भाषा संपते. हे नाटक अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावाने मराठीत आणले.

मराठीची स्वतःची अशी काही साधने आहेत. किर्लोस्कर, देवल, गडकरी यांच्या काळातल्या स्त्रिया नवऱ्याचे नाव घेत नसत, त्याला उद्देशून सर्वनामही टाळत. ‘इकडून येणं झालं’, ‘स्वारीचं जेवण झालं’ अशी त्यांची वाक्ये असत. कर्ता नाहीसा होतो, क्रियापद नपुंसकलिंगी होते आणि माणसाऐवजी एक दिशा उरते. आजच्या वाचकाला ही रचना जुनाट वाटेल, पण नाटककाराच्या हाती ती नाजूक वाद्यासारखी होती. एकाच वाक्यात आदर, लाज, अंतर आणि माया मावत असे.

1919 साली रंगभूमीवर आलेल्या राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तली सिंधू या रीतीने बोलणाऱ्यांतली आहे. तिचा नवरा सुधाकर दारूत बुडत जातो, घरात दाण्यांची भ्रांत पडते, सिंधू दळणे दळते, पण तिच्या वाक्यांतले आदराचे बंध सुटत नाहीत. तिचा स्वभाव म्हणजे ही न सुटणारी रचना. याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे, आणि तिची जीभ फटकळ आहे. दोघींचे नवरे दारुडे, दोघींचे हाल होतात. पण गीतेच्या वाक्याला कर्ता असतो आणि तो कर्ता दोषी असतो. गडकऱ्यांनी सिंधूला पूज्य मानले हे उघड आहे. आजच्या वाचकाला गीतेचा आवाज अधिक खरा वाटण्याची शक्यता आहे, आणि तो आवाजही त्यांनीच लिहिला ही त्यांच्या प्रतिभेची साक्ष.

तळीराम या नाटकातला भाषेचा जादूगार. दारूच्या समर्थनासाठी तो तत्त्वज्ञानाची, समाजसुधारणेची, सभा-संमेलनांची भाषा वापरतो. त्याच्या ‘आर्य मदिरा मंडळ’ या संस्थेच्या नावातच भारदस्त संस्थांच्या नावांची नक्कल आहे. त्याचे युक्तिवाद ऐकताना हसू येते, मग लक्षात येते की शिकल्यासवरल्या वकील सुधाकरला खाली ओढायला साध्या मोहापेक्षा हेच हत्यार उपयोगी पडणार होते. तर्काने जगणारा माणूस तर्काच्या नकलेने फसतो. खुद्द नाटकाच्या नावातला ‘एकच’ हा शब्दही घसरत जातो: आधी तो थोडेसे, क्षुल्लक असा दिलासा देतो, आणि अखेरीस त्यातला दिलासा संपून शेवट तेवढा उरतो.

गडकऱ्यांच्या लेखनात या कलेची एक अडचणही दिसते. त्यांची स्वतःची शैली, म्हणजे अनुप्रास, कोट्या, एकावर एक रचलेल्या कल्पना, इतकी जोरकस आहे की भावनेचा उद्रेक झाला की कोणतेही पात्र गडकरीच बोलू लागते. भाषा पात्राची राहत नाही, लेखकाची होते. प्रेक्षकांनी त्या भाषणांवर टाळ्या वाजवल्या आणि अनेकांनी ती पाठ केली, हेही खरे. देवलांचे तसे नाही. 1899च्या ‘शारदे’तला पैसेवाला म्हातारा नवरदेव भुजंगनाथ, लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित आणि पैशाच्या लोभाने मुलगी द्यायला निघालेला कांचनभट यांची बोलणी बाजारातल्या सौद्यासारखी चालतात, आणि लेखक मध्ये डोकावत नाही. देवलांचे वाक्य कमी लक्षात राहते, माणूस अधिक लक्षात राहतो. नाटकाच्या दृष्टीने हा मोठा गुण आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीत विजय तेंडुलकरांनी अपूर्ण वाक्याला मराठी रंगभूमीवर स्वतंत्र स्थान दिले. त्यांच्या संहितांत टिंबे, थांबणे, एकाने दुसऱ्याचे वाक्य तोडणे हे संवादाइतकेच विचारपूर्वक लिहिलेले असते. 1967च्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये हौशी नटांचा गट वेळ घालवायला खोटा खटला चालवतो आणि आरोपी म्हणून लीला बेणारेला उभे करतो. प्रत्यक्षात फारशी वकिली न चाललेल्या सुखात्म्यांना या खोट्या कोर्टात वाक्पटुता येते. काशीकर बायकोला बोलू देत नाहीत आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बसल्यावर त्यांच्या त्या सवयीला अधिकाराची धार चढते. खटल्याची भाषा आयती मिळाल्यावर या साध्यासुध्या माणसांना क्रूर होणे सोपे जाते. स्वतःच्या शब्दांत हे बोलण्याची हिंमत त्यांच्यापैकी कुणालाही झाली नसती. सुरुवातीला गाणी म्हणणारी, टोमणे मारणारी, कुणालाही न जुमानणारी बेणारे आरोप खरा होऊ लागताच गप्प होते. शेवटी तिला बोलण्याची मुदत मिळते तेव्हा ती दीर्घ बोलते, पण त्या वेळी कोर्टातली बाकीची माणसे गोठलेली असतात. तिचे म्हणणे प्रेक्षकांनी ऐकले, त्या खोलीतल्या कुणीही नाही.

वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने, 1970 साली, हा सगळा प्रश्नच एका पात्रात आणून ठेवला. लिअरच्या कथेची छाया असलेल्या या नाटकातला अप्पा बेलवलकर आयुष्यभर इतरांची वाक्ये बोलला आहे. निवृत्तीनंतर तो मुलांच्या घरी राहतो, पण त्याचा आवाज, त्याची शिवी, त्याचे प्रेम, सगळे रंगमंचाच्या मापाचे. बायकोला, कावेरीला, तो ‘सरकार’ म्हणतो आणि त्या हाकेत थट्टा, आदर आणि उभ्या जन्माचा संसार एकत्र असतो. मुलगा आणि मुलगी बेताच्या, सभ्य, मध्यमवर्गीय भाषेत बोलतात. संघर्षाचे कारण मालमत्ता किंवा पैसा असले तरी ठिणगी पडते ती बोलण्याच्या या दोन रीतींमध्ये. चोरीचा आळ येतो, घर सुटते, कावेरी जाते, आणि उघड्यावर आलेल्या अप्पाच्या तोंडी संवाद आणि जगणे यांची सरमिसळ वाढत जाते. लिअरने अखेरीस राजाची भाषा टाकून माणसाची साधी भाषा घेतली. बेलवलकर उलट दिशेने जातो. आपण वठवलेल्या भूमिकांची नावे तो ओळीने घेतो आणि गणपतराव बेलवलकर हे स्वतःचे नावही त्याच ओळीत ठेवतो.